सिलिंडरचा पाव फेरा

जकार्डचा सिलिंडर नावालाच सिलिंडर. तो असतो चौकोनी. चारही बाजूंना छिद्रे, दर आडव्या धाग्यागणिक पाव फेरा. पत्त्याला छिद्र असेल तिथे सुई सिलिंडरात शिरते, हूक सुरीवर राहतो, ताण्याचा धागा उचलला जातो. छिद्र नसेल तर धागा खालीच. सोलापुरी चादरीवरचे फूल असे उमलते.

पूर्व भागातल्या एका जुन्या मागासाठी लाकडी सिलिंडर करायचा, म्हणून घरच्या सीएनसी मिलिंग मशीनवर मी फिरता अक्ष बसवला. (१९५२ साली एमआयटीत दाखवलेले असे पहिले मशीनही छिद्रांच्या कागदी पट्टीवरच चालत होते. तेव्हा हे भाऊबंदच.)

बसवणे म्हणजे चार बोल्ट आवळणे, हा माझा भ्रम. चकात सरळ गज धरून डायल गेज त्याच्या वरून आणि बाजूने फिरवावा लागतो. टेलस्टॉकखाली पत्र्याचे तुकडे सारण्यातच रविवार गेला. उंचीचा शून्य लाकडावर धरू नये, फिरण्याच्या मध्यावर धरावा. लाकूड तासले जाते, मध्य हलत नाही.

फजिती मात्र आकड्याने केली. मोटरचे फेऱ्याला २०० टप्पे, ड्रायव्हरने केलेले प्रत्येकाचे ८ भाग, पट्ट्याचे प्रमाण ६:१. एकूण ९६००, म्हणजे अंशाला २६.६६७. मी भरले २६.६! पाव फेऱ्याला सहा टप्पे कमी. चौथ्या बाजूपर्यंत तूट ०.६७५ अंश. मध्यापासून ४० मिलिमीटरवरची छिद्रे जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकली.

मालकांनी सिलिंडर मागावर चढवून हाताने फिरवला. तीन बाजूंना सुया सरळ शिरल्या, चौथीला काठावर घासल्या. ते काही बोलले नाहीत. सिलिंडर उतरवून माझ्या हातात दिला. त्याच रात्री आकडा सुधारून मी नवे लाकूड चकात धरले.