घरी राहून मंडळीच्या सेवेचे शिक्षण

ख्रिस्ती मंडळीच्या सेवेचे शिक्षण आता संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर घरबसल्या घेता येते, हे ऐकून पुष्कळांच्या मनात शंका उभी राहते. हिशेबनिशी दुरून शिकता येईल. पण शोकाकुल कुटुंबाचे सांत्वन करणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, अबोला धरलेल्या दोन भावांना एका पंगतीला आणणे, ही कामे पडद्यावर कशी शिकावयाची? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर या शिक्षणाच्या रचनेतच शोधले पाहिजे.

एका ठिकाणी मिळून उपासना करणाऱ्यांची ती मंडळी आणि तिचा सांभाळ करणारा तो पाळक. परंतु रविवारची शाळा चालविणाऱ्या बाया, मंडळीचे वडील, रुग्णालयात भेटी देणारे स्वयंसेवक अशी कितीतरी माणसे पाळकाच्या बरोबरीने राबत असतात. घरदार व नोकरी सोडून तीन-चार वर्षे वसतिगृहात राहणे त्यांना परवडणारे नसते.

दुरून शिकविण्याची रीत या धर्मात अगदी जुनी आहे. पौलाने करिंथ येथील मंडळीला पत्रे लिहिली, हे आपणांस ठाऊक असेल. पण त्याच पत्रात, मी तीमथ्याला तुमच्याकडे पाठविले आहे, असेही तो कळवितो. म्हणजे पत्र गेले आणि माणूसही गेला. ही जोडी ध्यानात ठेवावी.

या विद्येला आधुनिक वळण मिळाले ते मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात. तेथील प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयाने १९६२ च्या सुमारास आपल्या कामाचा हिशेब मांडला, तेव्हा पंचवीस वर्षांच्या खटपटीनंतर प्रत्यक्ष पाळकाचे काम करीत असलेले जेमतेम दहा जण निघाले. खेड्यातला तरुण राजधानीत शिकावयास येई आणि पुन्हा खेड्यात त्याचा जीव रमत नसे. (आपल्याकडील शेतकी व वैद्यकीच्या शिक्षणाबद्दल हेच गाऱ्हाणे आपण किती वर्षे ऐकत आहोत!) तेव्हा राल्फ विंटर, जेम्स एमरी व रॉस किन्स्लर यांनी १९६३ पासून उलट वाट धरली. विद्यार्थ्याने गावीच राहावे, धडे घरी वाचावेत आणि शिक्षकाने ठरल्या दिवशी जवळच्या केंद्रात येऊन त्याच्याशी चर्चा करावी. टेड वॉर्ड या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने या पद्धतीला कुंपणाची उपमा दिली. घरचा अभ्यास व गावातील काम हे दोन आडवे वासे, आणि ठरावीक अंतराने होणारी चर्चा हे त्यांना जोडून धरणारे खांब. खांब उपटले की वासे जमिनीवर येतात.

आजच्या पडद्यावरील अभ्यासक्रमाचा सांगाडाही हाच आहे. आठवड्याचा धडा येतो, विद्यार्थी तो वाचतो, व्याख्यान ऐकतो, उत्तरे लिहून पाठवितो. ठरल्या वेळी गावोगावचे दहा-पंधरा विद्यार्थी पडद्यावर एकत्र जमतात. इथवर काही विशेष नाही. खरी मेख गावातील कामात आहे. चांगल्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला त्याच्याच गावातला एक अनुभवी मार्गदर्शक नेमून दिलेला असतो. त्याच्यासोबत विद्यार्थी आजाऱ्याच्या भेटीस जातो आणि घरी येऊन झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहून काढतो. रोगी काय म्हणाला, मी काय उत्तर दिले, कोठे मी उगाच उपदेश करीत बसलो. ही वही पुढे गटापुढे वाचली जाते. रुग्णालयातील अनुभवावर आधारलेल्या या शिक्षणाचा उगम अँटन बॉयसेन यांच्या कामात सापडतो. ते स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले होते, आणि १९२५ मध्ये त्यांनी अमेरिकेतील वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मविद्येच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये नेऊन शिकविण्यास आरंभ केला.

येथे एक अडचण आहे आणि ती किरकोळ नाही. वर्गाचे दार लावून घेता येते. पडद्यासमोर मात्र विद्यार्थ्याच्या मागे घरातले कोण बसले आहे, हे कळत नाही. ज्याचे दुःख वाचले जाते, त्याने ते विश्वासाने सांगितलेले असते. म्हणून नाव, गाव, नातेगोते गाळूनच नोंद लिहावी, हा नियम कडक हवा.

भारतात विस्तारशिक्षणाचे काम करणारी 'टॅफ्टी' ही संस्था १९७१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. सेरामपूर महाविद्यालय त्याहून फार जुने. स्थापना १८१८ ची, पदव्या देण्याची सनद १८२७ ची. त्याचे संस्थापक विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, म्हणून आपला त्या गावाशी वेगळा ऋणानुबंध आहे. सेरामपूरच्या सिनेटचे काही अभ्यासक्रम नोकरीधंदा सांभाळून पुरे करता येतात.

पदवी मिळाली म्हणजे कोणी पाळक होत नाही. नेमणुकीचा अधिकार ज्याच्या त्याच्या चर्चचा आहे. त्यामुळे नाव घालण्यापूर्वी आपले चर्च ही पदवी मानते काय, हे विचारावे. त्याहीपेक्षा आधी विचारावे ते हे, की माझ्या गावात माझी वही तपासणारा कोण? त्यावर संस्थेकडून नाव आले नाही, तर फी भरण्याची घाई करू नये.