तबकडीतली झिंझोटी आणि भीमसेनांची झिंझोटी

हुबळीहून बंगळूरच्या रेल्वेने निघाले की थोड्याच वेळात कुंदगोळ लागते. गाव लहान, पण किराणा गायकीवर जीव असलेल्या माणसाला तेथे उतरल्यावाचून राहवत नाही. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, या गावचे. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने येथे शिकायला येत. आणि 1936 साली गदगचा एक मुलगा, गुरूच्या शोधात उत्तर हिंदुस्थान पालथा घालून, अखेर येथेच शिकायला राहिला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

तो घरातून का पळाला हे रसिकांना ठाऊकच आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी त्याच्या कानी पडली होती. झिंझोटीतली ‘पिया बिन’ ही ठुमरी. आपल्याला असे गाता आले पाहिजे, या एकाच ध्यासाने त्याने 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले. खाँसाहेब तेव्हा आपल्या मिरजेत राहत. 1937 साली दक्षिणेत प्रवासात ते गेले, पण दफन मिरजेच्या दर्ग्यातच झाले.

गंमत अशी की, ठुमरीच्या मोहाने निघालेल्या या मुलाकडून रामभाऊंनी घोटून घेतले ते तोडी, मुलतानी, पुरिया हे राग! रामभाऊंचे स्वतःचे गाणेही असेच कष्टाने उभे राहिलेले. गुरूचा आवाज बारीक, गोड, तानपुऱ्याच्या तारेत मिसळून जाणारा. यांचा मूळचा जड, तापायला वेळ लागणारा. गुरूची नक्कल त्यांना साधणारीच नव्हती. म्हणूनच ते वाचले, असे मी तर म्हणेन.

पुढे नामांकित झाल्यावर भीमसेनांनी ती ठुमरी मैफलीत गायिली. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. खाँसाहेबांना पसरायला जागाच नव्हती. त्यांनी मोजक्याच जागा घेतल्या, पण अशा की त्यापुढे दुसरी सुचू नये. भीमसेन त्या जागा जशाच्या तशा उचलत नाहीत. झिंझोटीचे खरे घर मंद्रातल्या धैवत-पंचमापाशी. ते तेथे जाऊन ठाण मांडतात, कोमल निषादावरून सावकाश उतरतात, शब्दाला घाई करीत नाहीत. खाँसाहेबांच्या गाण्यात विनवणी आहे. येथे भरदार छातीचा माणूस हुंदका आवरून धरतो. तान मधूनच अंमळ जास्त होते, हेही सांगितले पाहिजे. ठुमरीला तेवढे बळ सोसत नाही. पण चाल तीच असून गाणे मात्र त्यांचे झाले आहे.

माझे वडील दरबारी गवई. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. लहानपणी ही ठुमरी तबकडीवरून हुबेहूब उचलून मी त्यांना मोठ्या ऐटीत ऐकवली. शाबासकी मिळेल असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, “अरे, श्वास तिथं का घेतलास?” मला सांगता येईना. खाँसाहेबांनी घेतला होता, म्हणून! “आणि शेवट असा गुंडाळलास का?” तर तबकडी संपत आली होती, म्हणून! त्यानंतर दोन वर्षे त्यांनी मला ठुमरीला हात लावू दिला नाही. मला राग आला होता. खरे सांगायचे तर अजून थोडा आहे.

आता माझ्या शिकवणीतली मुले फोनवरून भीमसेन उचलतात, हातवाऱ्यांसकट. परवा एक मुलगी हीच ठुमरी त्यांच्या पट्टीत गायला बसली. गळा पार खाली ओढलेला, मंद्रात नुसती हवा. मी रागावलो नाही. आधी खाँसाहेब ऐकवले, मग भीमसेन, मग पुन्हा खाँसाहेब. ती बराच वेळ गप्प राहिली. “सर, हे दोघंही आपापल्या पट्टीत गातायत,” असे म्हणून तिने तानपुरा जवळ ओढला आणि खुंट्या पिळायला घेतल्या.