हायड्रोजन की बॅटरी?

मंडळी, 21 ऑगस्ट 2022 रोजी पुण्यात देशी बनावटीची हायड्रोजन बस लोकांसमोर आली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी ती तयार केली. मग प्रश्न पडतो, बॅटरीची गाडी घ्यायची की थांबायचं?

बघा, दोन्ही गाड्या विजेच्या मोटरवरच चालतात. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते. धुराऐवजी पाणी निघतं. पण त्यासाठी आधी विजेनं पाणी फोडायचं, वायू दाबून टाकीत भरायचा, मग पुन्हा वीज करायची. या फेऱ्यात 100 युनिटांपैकी साधारण 30 चाकापर्यंत पोचतात. बॅटरीत 70 ते 80.

म्हणून बपेऱ्याहून तुमसरला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या दुचाकीला बॅटरीच बरी. तिनं थांबू नये. तांदूळ भरून मुंबईला निघालेल्या ट्रकचं गणित वेगळं. तिथं बॅटरीच्या वजनामुळे माल कमी भरावा लागतो, चार्जिंगलाही वेळ जातो. हायड्रोजन मिनिटांत भरतो. मात्र तो कोळशाच्या विजेवर केलेला नको. नाहीतर धूर ट्रकमधून निघून तिरोड्यासारख्या औष्णिक केंद्राच्या चिमणीत गेला, एवढंच!