मुशीतले तांबे: सातारा-सांगलीच्या गलाईचा मागोवा

चोख सोने मऊ असते, म्हणून दागिना घडवताना सोनार त्यात तांबे घालतो. दागिना मोडीत निघाला की तेच तांबे पुन्हा बाहेर काढावे लागते. हे काम म्हणजे गलाई. सांगलीतील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातील माण, खटाव या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांनी तिच्यावर संसार उभे केले. एकाने परमुलखात भट्टी लावायची आणि मग गावाकडची पोरे हाताखाली बोलावून घ्यायची, अशी ही वाट रुळली. १९७२ च्या दुष्काळाने ती आणखी वाहती केली. आज खानापूर तालुक्यातल्या विटा परिसरातले गलाईवाले केरळ-तमिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंतच्या सराफ पेठांत भेटतात.

सुरुवातीचा सरंजाम एका खोलीत मावणारा होता: कोळशाची शेगडी, भाता, मूस, सांडशी, टाकणखार. चांदी ९६२, सोने १०६४ आणि तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. आकडे जवळचे, पण तांबे भारी खट्याळ. तापले की ते हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि काळे पडते. म्हणून हवा अडवायला मुशीत टाकणखार लागतोच.

नुसत्या आचेने मात्र तांबे सुटत नाही. मोडीतल्या सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी मिसळून रस पाण्यात ओततात, त्याचे दाणे होतात. ते तेजाबात (नायट्रिक आम्लात) उकळले की तपकिरी धूर निघतो. तो विषारी असतो, आणि बंद खोलीत पिढ्यानपिढ्या हे काम चालले ही या धंद्याची काळी बाजू. चांदी-तांबे विरघळून पाणी निळे-हिरवे होते, तळाशी सोन्याची तपकिरी पूड उरते. त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी खाली बसते. उरलेल्या पाण्यात लोखंडाचे भंगार टाकले की तांबेही लाल गाळ होऊन हाती येते.

१९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी नव्या दागिन्यांवर १४ कॅरटची मर्यादा घातली. म्हणजे दर १०० ग्रॅममागे जवळजवळ ४२ ग्रॅम तांबे-चांदी! अनेक सोनारांचे हातचे काम गेले. पुढे आलेला १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला. कसोटीच्या दगडाशेजारी क्ष-किरण यंत्र आले, कोळशाच्या जागी गॅस आणि विजेच्या भट्ट्या आल्या. तेजाबाची पायरी अनेक ठिकाणी अजून तशीच आहे.