हिरड्यांचे ऑपरेशन आणि विजेच्या सुया

पन्नाशी उलटली की दातांच्या आधी हिरड्या कुरकुरू लागतात. मधुमेह असेल तर जास्तच. गेल्या वर्षी माझ्या हिरड्यांचे ऑपरेशन झाले. पूर्वी अल्सर झालेला असल्याने आयबुप्रोफेन मला वर्ज्य, आणि ओपिऑइडच्या गोळ्या नको होत्या. म्हणून माझ्या पेरिओडॉन्टिस्टना आधी विचारून मी इलेक्ट्रोॲक्युपंक्चर करून घेतले.

यात बारीक सुया टोचून त्यांना छोट्या यंत्राच्या तारा जोडतात व सौम्य वीजप्रवाह सोडतात. एक सुई अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये, 'हेगू' बिंदूवर होती. दातदुखीवर चिनी वैद्य हा बिंदू वापरतात. सुई दुखली नाही, फक्त टकटक जाणवत राहिली. बीजिंगचे संशोधक हान जी-शेंग यांच्या प्रयोगांनुसार सेकंदाला 2 स्पंदने दिल्यास एंडॉर्फिन व एन्केफॅलिन, तर 100 दिल्यास डायनॉर्फिन ही शरीरातलीच वेदनाशामके स्रवतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने 1997 साली बोलावलेल्या तज्ज्ञांनी दातांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर ॲक्युपंक्चर उपयुक्त असल्याचे मान्य केले. मात्र त्यामागचे बरेच प्रयोग अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरचे होते.

माझा ठणका पूर्ण थांबला नाही. पण रात्री नुसत्या टायलेनॉलवर झोप लागली. एवढ्यावरून सर्वांना गुण येईलच असे मी म्हणणार नाही. ज्यांना आयबुप्रोफेन चालते, त्यांच्यासाठी तेच सोपे आणि स्वस्त.

पेसमेकर असलेल्यांनी हा उपचार टाळावा. गरोदर स्त्रियांनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. सुया नव्या, एकदाच वापरायच्या असाव्यात आणि उपचार करणाऱ्याकडे आपल्या राज्याचे लायसन्स असावे.

आता खर्चाचे. डेंटल इन्शुरन्स सहसा याचे पैसे देत नाही. मेडिकल इन्शुरन्सला फोन करून आधीच विचारावे. मेडिकेअर 2020 पासून ॲक्युपंक्चरचा खर्च देते, पण फक्त जुनाट कंबरदुखीसाठी. एफएसए किंवा एचएसए खात्यातले पैसे मात्र यासाठी वापरता येतात. पावती जपून ठेवावी.

शेवटी महत्त्वाचे. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे वाढले, सूज चढली, ताप किंवा पू आला, तर सुयांच्या मागे न लागता तडक सर्जनना फोन करा. वेदना दबली म्हणजे जंतुसंसर्ग गेला असे होत नाही.