वीरगळ, चोखोबांची समाधी आणि जीवखडा

सोलापूर जिल्ह्यात फिरताना वेशीवरचा किंवा देवळामागचा शेंदूर फासलेला उभा दगड नीट पाहा. पुष्कळदा तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड असतो. तो खालून वर वाचायचा: आधी लढाई, मग योद्ध्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्रसूर्य. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात कोरलेला दिसला, तर ती सती गेलेल्या स्त्रीची सतीशिळा.

मृतांच्या अशा खुणांमध्ये मला सगळ्यांत हलवून टाकते ती संत चोखोबांच्या समाधीची कथा. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजुरांसोबत चोखोबाही गाडले गेले. त्या ढिगाऱ्यात त्यांची हाडं ओळखायची कशी? परंपरा सांगते, संत नामदेवांनी एकेक हाड कानाशी नेलं. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती चोखोबांची. जिवंतपणी जातीमुळे ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. तिथे गेलात तर थांबाच!

आणि मृताची आठवण धरणारा आणखी एक दगड, जीवखडा, तर आजही घरोघरी. चितेला फेरे घालताना ज्या दगडानं मडक्याला भोक पाडतात, तोच हा जीवखडा किंवा अश्मा. मृताचा जीव त्यात आहे असं मानून दहा दिवस त्यावर तिलांजली देतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की हा खडा नदीत सोडतात.