ज्याच्या रॅकेटला शटल लागत नाही

साडेपाच वाजले की हॉलची दारं लावून घेतात. बाहेर जुलैचा पाऊस पत्र्यावर असा कोसळतोय की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी जावं लागतं. आत बारा मुलं, त्यांचे सर आणि बाकांवर आम्ही चार-पाच जण घामाने निथळतोय. पंखे बंद, खिडक्या बंद. रत्नागिरीत याला इलाज नाही. समुद्रावरचा वारा फटीतून जरी आत शिरला तरी पाच ग्रॅमचं शटल वाट सोडतं, आणि मग फटका मुलाने चुकवला की वाऱ्याने, हे कळायला मार्ग उरत नाही.

भाचीला सोडायला-न्यायला म्हणून मी या हॉलवर दोन पावसाळे येते आहे. पहिले काही महिने मी बाकावर बसून मोबाइल बघायची. नंतर एकदा बॅटरी संपली, आणि त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा दुहेरीचा सराव नीट पाहिला. तेव्हापासून मोबाइल पिशवीतच असतो.

सुरुवात झाडलोटीने होते. कोकणातली ओल चपलांबरोबर, छत्र्यांबरोबर, नुसत्या हवेबरोबरही आत येते आणि हिरव्या मॅटवर बसते. दोन मुलं कोरडी फडकी घेऊन कोर्टाची एक बाजू पुसून काढतात, दुसरी बाजू पुसेपर्यंत पहिली पुन्हा दमट होते. ओल्या मॅटवर घोटा मुरगळला तर वर्ष वाया जातं, म्हणून सर घाई करू देत नाहीत. मग ते शटलची नळी उघडतात. नळीवर ७७ असा आकडा असतो. हा वेगाचा आकडा: जितका मोठा, तितकं शटल लांब जाणार. समुद्रसपाटीला हवा दाट, तिथे शटल लवकर मंदावतं. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे तेच शटल, तोच फटका, आणि शटल मागच्या रेषेच्या बाहेर. इथली मुलं पुण्याला खेळायला गेली की पहिला सामना अंदाज बसवण्यातच जातो. तरी आमच्या हवेचा एक गुण आहे. शटलला १६ पिसं असतात, आणि कोरड्या हवेत ती कडक होऊन लवकर तुटतात, म्हणून देशावरचे खेळाडू नळीला वाफ देतात. आमच्याकडे ते काम हवाच करते. हॉलवर येणारे जुने खेळाडू शटलला अजून 'फूल' म्हणतात. मला तोच शब्द जास्त आवडतो.

पहिला अर्धा तास नुसती सर्व्हिस. नेटच्या वर वीतभर अंतरावर सर एक दोरी बांधतात. शटल नेटच्या वरून आणि दोरीच्या खालून गेलं पाहिजे, आणि पलीकडच्या आखूड रेषेला जेमतेम लागून पडलं पाहिजे. नववीतल्या एका मुलीच्या पन्नास सर्व्हिस मी मोजल्या. एकोणीस दोरीखालून गेल्या. एकेरीत सर्व्हिस थोडी उंच गेली तरी सावरायला जागा असते. दुहेरीत सर्व्हिस घेणारा रेषेला चिकटून, रॅकेट वर धरून उभाच असतो. नेटवर बोटभर जास्त उंचीने आलेलं शटल तो तिथल्या तिथे खाली मारतो. म्हणजे दुहेरीचा गुण पुष्कळदा पहिल्या दोन-तीन फटक्यांतच ठरून जातो, आणि ज्याचं टाळ्या वाजवण्याइतकं काही दिसत नाही अशा त्या छोट्याशा मनगटी धक्क्यावर ठरतो. २०१८पासून नियमही कडक झाला आहे. सर्व्हिस करताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच हवं, मग खेळाडू पाच फुटी असो की सव्वासहा फुटी. उंच मुलांना त्यासाठी गुडघे वाकवायला शिकवावं लागतं. सर त्यांच्या पोटाच्या उंचीला भिंतीवर खडूची रेघ मारून देतात.

सर्व्हिस झाली की माझा आवडता भाग. या वेळी कोर्टावर शटलच नसतं.

दोन मुली कोर्टात उभ्या राहतात. एक उंच, हाताला जोर असलेली. दुसरी ठेंगणी, पायाने चपळ. ती माझी भाची. दोघींच्या रिकाम्या हातात एका लांब कापडी दोरीची दोन टोकं. सर बाजूने ओरडतात, "मार!" उंच मुलगी मागे जाऊन स्मॅशचा हावभाव करते, आणि त्याच क्षणी ठेंगणीने नेटच्या दिशेने सरकायचं. "उचल!" की दोघींनी शेजारी-शेजारी यायचं, एकीने डावी बाजू सांभाळायची, दुसरीने उजवी. पुन्हा "मार!" पुन्हा मागे-पुढे. दोरी फार ताणली गेली किंवा ढिली पडून जमिनीला लागली, की चूक. सुरुवातीला चालत, मग झपझप, मग पळत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे लहान मुलांच्या खेळासारखं वाटलं होतं. चौथ्या दिवशी कळलं की दुहेरीचं सगळं मर्म त्या दोरीत आहे. हल्ला करताना मागे-पुढे आणि बचाव करताना शेजारी-शेजारी, एवढा नियम कुणालाही पाच मिनिटांत पाठ होतो. अवघड आहे ते शटल जोडीदाराकडे असताना आपण कुठे असायला हवं, हे तिच्या खांद्यावरून ओळखणं. फटका मारणारीला काय करायचं ते कळतं, कारण शटल तिच्यासमोर असतं. न मारणारीला ते स्वतःहून करावं लागतं, आणि ते कुणी पाहतही नसतं.

मग सर डाव्या हाताच्या खोबणीत पंधरा-वीस जुनी शटलं घेऊन नेटपलीकडे उभे राहतात आणि एकामागून एक भिरकावत सुटतात. याला मुलं मल्टिशटल म्हणतात. पहिलं मागे, दुसरं शरीरावर, तिसरं नेटजवळ, आणि मध्येच एक बरोबर दोघींच्या मधोमध. ते मधलं शटल दोघींनी पाहिलं, दोघी थांबल्या, आणि ते मॅटवर पडलं.

"मला वाटलं ती घेईल," भाची म्हणाली.

सर चिडले नाहीत. जवळ आले आणि म्हणाले, "मधलं शटल कुणाचं, हे घरून ठरवून यायचं. इथे विचारायला वेळ नाही."

शेजारी-शेजारी असताना मधलं शटल जिचा फोरहँड मध्याकडे असेल तिने घ्यायचं, अशी सर्वसाधारण रीत आहे. दोघी उजव्या हाताच्या असतील तर डावीकडे उभी असलेली. पण ही रीत सवयीत मुरायला महिने लागतात, आणि जोडीदार बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

या बाकावर बसूनच मी चीनच्या फू हायफेंगचे जुने सामने पाहायला लागले. मोबाइल बाहेर निघतो तो आता एवढ्यासाठीच. ग्वांगडोंगचा हा खेळाडू मागून स्मॅश मारणारा, आणि त्याचा जोडीदार त्साय युन पुढे नेटवर उभा. २००५मध्ये फूच्या एका स्मॅशचा वेग ताशी ३३२ किलोमीटर मोजला गेला होता आणि जगभर त्याचीच चर्चा झाली. पण सामना बघताना फूवरून नजर काढून त्सायवर ठेवा. स्मॅश सुटण्याआधीच तो नेटजवळ पोहोचलेला असतो, रॅकेट डोक्याच्या उंचीवर, कारण स्मॅशने गुण मिळेलच असं नाही. समोरून शटल कसंबसं, जरासं उंच परत येणार, आणि ते संपवायला तिथे माणूस हवा. स्मॅश हा अर्धाच फटका असतो, उरलेला अर्धा दुसऱ्याने मारायचा असतो.

ही जोडी २००६, २००९, २०१० आणि २०११ अशी चार वेळा जगज्जेती झाली. त्यातलं २००९चं विजेतेपद आपल्या हैदराबादेतलं. तरीही २००८ला बीजिंगमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, पहिला गेम २१-१२ असा जिंकून ते ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या मार्किस किडो आणि हेन्द्रा सेतियावानकडून हरले. आमच्याकडे असा पराभव झाला असता तर जोडी फोडण्याच्या चर्चा सुरू झाल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं. तिथे ती फोडली नाही. चार वर्षांनी लंडनमध्ये याच दोघांनी डेन्मार्कच्या मथियास बो आणि कार्स्टन मोगेन्सन यांना हरवून चीनला पुरुष दुहेरीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. फूने २०१६ला रिओमध्ये चांग नानबरोबर पुन्हा सुवर्ण जिंकलं. निर्णायक गेम २३-२१. त्साय युनबरोबर इतकी वर्षं मुरलेली पावलं होती, म्हणूनच नव्या जोडीदाराशी जुळवून घेणं त्याला साधलं असावं.

लंडनमध्ये हरलेला तो मथियास बो पुढे भारतात आला, आणि आपल्या सात्त्विकसाईराज रंकिरेड्डी व चिराग शेट्टी या जोडीचा प्रशिक्षक झाला. चिराग मुंबईचा, गोरेगावला उदय पवार यांच्या अकादमीत घडलेला. सात्त्विक आंध्रातल्या अमलापुरमचा. एकाची भाषा तेलुगू, दुसऱ्याची मुंबईची सरमिसळ. दोघेही उंच, दोघेही मुळात मागून मारणारे. मलेशियाच्या तान किम हर या प्रशिक्षकांनी त्यांना एकत्र आणलं तेव्हा दोन तोफा एकाच बुरुजावर ठेवल्यासारखं ते होतं. नेटवर कोण जाणार? दोघांनाही पुढचं काम नव्याने शिकावं लागलं. आज चिराग नेटजवळ ज्या सफाईने शटल अडवतो, त्यामागे स्वतःच्या आवडीचं काम दुसऱ्याला देऊन टाकण्याची कितीतरी वर्षं आहेत.

२०१९ला थायलंडमध्ये त्यांनी चीनच्या तेव्हाच्या जगज्जेत्या ली जुनहुई आणि लिऊ युचेन यांना अंतिम फेरीत हरवलं. २०२२च्या थॉमस कपच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाविरुद्ध पहिला गेम गमावून, दुसऱ्यात हातातून जाणारा सामना २३-२१ असा परत खेचून त्यांनी जिंकला, आणि भारताला पहिल्यांदाच तो कप मिळाला. मग ७ ऑक्टोबर २०२३. हांगचौ, म्हणजे चीनमध्येच, आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी. कोरियाच्या जोडीवर २१-१८, २१-१६. बॅडमिंटनमधलं भारताचं पहिलं आशियाई सुवर्ण, आणि पाठोपाठ जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. पुरुष दुहेरीत आशियाई स्पर्धेतलं त्याआधीचं भारताचं पदक होतं १९८२चं, दिल्लीतलं: प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांचं कांस्य. मधे ४१ वर्षं गेली.

ही ४१ वर्षं मला टोचतात. ज्या खेळाचे नियम १८७०च्या दशकात इंग्रज अंमलदारांनी पुण्यात बांधले, ज्याला त्या काळी 'पूना' असंच नाव होतं, त्या खेळात आपल्याकडे माणसं कमी नव्हती. नंदू नाटेकर आपल्या सांगलीत जन्मले, १९५६ला क्वालालंपूरमध्ये जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. तेही दुहेरी उत्तम खेळत. माणसं होती, पण दुहेरी हे वेगळं शिकायचं काम आहे, असं आपण मानलंच नाही. एकेरीत हरलेल्याने दुहेरी खेळायची, स्पर्धेच्या आदल्या दिवशी जोडीदार शोधायचा, हीच पद्धत. आमच्या बाकावरही तेच बोलणं चालतं. परवा एक आई म्हणाली, "दुहेरीत नाव दोघींचं होतं हो, आपलीचं वेगळं कसं दिसणार?" तिचं म्हणणं खोटं नाही. बक्षिसाचा कप एकच असतो, आणि तो कुणाच्या घरी ठेवायचा यावरून दोन घरांत अबोला धरलेला मी पाहिला आहे.

चीनमध्ये दुहेरीचा खेळाडू एकेरीतून उरलेला नसतो. तो लहानपणीच निवडलेला असतो. कुणाची उंची, कुणाचं मनगट, कुणाची नजर हे बघून जोड्या लावतात, मोडतात, पुन्हा लावतात, पण लावली की खेळवतात. त्यांची सगळीच पद्धत मला मान्य नाही, मुलाचं बालपण इतक्या लवकर संस्थेच्या हवाली करणं मला जमणार नाही. तरी दुहेरीला त्यांनी दुय्यम काम मानलं नाही, एवढं आपण त्यांच्याकडून घ्यायला हवं.

साडेसातला सर शेवटचा खेळ लावतात. अकरापर्यंत, एकच गेम. भाची आणि ती उंच मुलगी विरुद्ध दोन मोठे मुलगे. नऊ-नऊला उंच मुलीने मागून जोरात मारलं, मुलाने कसंबसं परत दिलं, आणि शटल नेटवर हातभर उंच तरंगलं. भाची तिथे होती. तिने ते संपवलं. टाळ्या उंच मुलीच्या स्मॅशला पडल्या, पण ती पुढे भाचीकडे आली आणि दोघींनी रॅकेटला रॅकेट टेकवली. पुढचे दोन गुण मुलांनी घेतले आणि मुली हरल्या. सरांनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली.

ऑगस्टपासून शालेय स्पर्धांचे अर्ज सुरू होतील. आपल्या मुलाचं, मुलीचं नाव एकेरीत घालाच. पण दुहेरीचा रकाना मोकळा सोडू नका, आणि एक हरलेला सामना पाहून पुढच्या वर्षी जोडीदार बदलू नका. निदान तीन वर्षं ती जोडी तशीच राहू द्या.